व्हरमाँटच्या हिवाळ्यातले सरपण

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या व्हरमाँट राज्यात लाकडावर घर उबदार ठेवणे ही केवळ हौस नाही. खेड्यापाड्यांतल्या पुष्कळ कुटुंबांची ती आजही रोजची व्यवस्था आहे. राज्याचा सुमारे तीन चतुर्थांश भूभाग जंगलाखाली आहे. नैसर्गिक वायूची नळी वायव्येकडचा पट्टा सोडला तर कुठेच पोहोचलेली नाही, आणि तेल व प्रोपेन टँकरने येते, तेही जगाच्या बाजारात जो भाव असेल त्या भावाने. 1973 च्या तेलटंचाईनंतर इथल्या लोकांनी बंद करून ठेवलेली धुराडी पुन्हा उघडली, आणि 1975 मध्ये रँडॉल्फ या गावात 'व्हरमाँट कास्टिंग्ज' ही बिडाच्या शेगड्या ओतणारी कंपनी सुरू झाली. थंडीचे म्हणाल, तर जानेवारीत पारा उणे 25 अंश सेल्सियसपर्यंत उतरला तरी कोणी त्याची विशेष चर्चा करत नाही. 30 डिसेंबर 1933 रोजी ब्लूमफील्ड येथे नोंदवलेले उणे 45.6 अंश हे राज्यातले सर्वांत कमी तापमान मानले जाते.

आम्ही मध्य व्हरमाँटमधल्या एका जुन्या लाकडी घरात राहतो. तळघरात तेलावर चालणारा बॉयलर आहे, परंतु घराची खरी ऊब बैठकीच्या खोलीतल्या बिडाच्या बंद शेगडीतून येते. ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत ती क्वचितच पूर्ण विझते. भारतातून येणारे नातेवाईक आणि बॉस्टनकडची मराठी मित्रमंडळी आम्हाला नेहमी एकच प्रश्न विचारतात, की जाळायला सर्वांत चांगले लाकूड कोणते. प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर एका झाडाच्या नावात मावत नाही. माझे ठाम मत असे झाले आहे की झाडाची जात तिसऱ्या क्रमांकावर येते. पहिल्या क्रमांकावर लाकडातले पाणी आहे, दुसऱ्यावर लाकडाचे वजन, आणि या दोन गोष्टी समजल्यानंतर जातीजातींमधल्या फरकांना अर्थ येतो.

माझे बालपण रत्नागिरी जिल्ह्यात गेले, त्यामुळे सरपण ही वस्तू मला परकी नव्हती. मृग लागण्याआधी पडवीच्या कडेला आणि माळ्यावर वर्षभराचे जळण भरून ठेवायचे, हा आमच्याकडचा शिरस्ता होता. मात्र ते सरपण चुलीसाठी आणि न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबासाठी असे; घर तापवण्यासाठी आम्ही कधी लाकूड जाळले नाही, आणि धूर कौलांमधून निघून गेला की त्याचा विचारही संपत असे. इथे तीच वस्तू बंद पेटीत, मोजक्या हवेवर, सहा महिने जाळायची असते. म्हणून तिच्याकडे अधिक बारकाईने पाहावे लागते.

आधी वजनाविषयी सांगते, कारण ते चटकन सांगून होते. पूर्ण कोरडे लाकूड कोणत्याही झाडाचे असो, एका किलोमधून मिळणारी उष्णता जवळजवळ सारखीच असते: साधारण 19 ते 20 मेगाज्यूल. राळ असलेल्या पाइनसारख्या झाडांमध्ये ती उलट किंचित जास्तच भरते. फरक पडतो तो घनतेमुळे, कारण इथे लाकूड वजनावर विकले जात नाही, आकारमानावर विकले जाते. 4 फूट रुंद, 4 फूट उंच आणि 8 फूट लांब अशी नीट रचलेली थप्पी, म्हणजे 128 घनफूट, हे इथले माप असून त्याला कॉर्ड म्हणतात. त्यातली फटींची जागा वजा केली तर प्रत्यक्ष लाकूड 80 ते 90 घनफूट भरते. एक कॉर्ड वाळलेले शुगर मेपल सुमारे 1,700 किलो भरते, तर तेवढेच पांढरे पाइन जेमतेम 1,000 किलो. त्यामुळे मेपलच्या एका कॉर्डमधून सुमारे 2.4 कोटी बीटीयू (उष्णता मोजण्याचे इथले एकक) उष्णता मिळते आणि पाइनच्या कॉर्डमधून 1.4 ते 1.5 कोटी. चांगल्या शेगडीत जाळलेले एक कॉर्ड मेपल हे बॉयलरमधल्या साधारण दीडशे गॅलन तेलाचे काम करते, असा हिशेब धरायला हरकत नाही. दोन्ही लाकडांचा भाव सारखाच सांगितला जात असेल, तर कोणते घ्यावे हे वेगळे सांगायला नको.

विकत घेताना एक दक्षता मात्र घ्यावी. 'फेस कॉर्ड' या नावाने विकली जाणारी थप्पी ही 4 फूट उंच व 8 फूट लांब, पण एकाच फोडीच्या रुंदीची असते. फोडी 16 इंची असतील तर ती पूर्ण कॉर्डची एक तृतीयांश भरते. शिवाय ट्रकमधून ढिगाने ओतलेले लाकूड डोळ्यांना नेहमीच जास्त वाटते. ते रचून मोजल्याशिवाय व्यवहार पुरा झाला असे समजू नये.

आता पाण्याविषयी. माझ्या दृष्टीने या विषयाचा गाभा इथेच आहे.

नुकत्याच तोडलेल्या मेपलच्या वजनात सुमारे 40 टक्के पाणी असते; पाइनमध्ये ते अर्ध्याहूनही अधिक असू शकते. शेगडीसाठी हे प्रमाण 20 टक्क्यांच्या खाली यावे लागते. म्हणजे कठीण लाकडाच्या एका कॉर्डमधून सुकताना चारशे ते सहाशे किलो पाणी हवेत निघून जायला हवे. ओले लाकूड जाळले तर हे पाणी आधी उकळावे लागते, त्यात उष्णता खर्ची पडते, आणि म्हणून ओले लाकूड कमी तापते, असे स्पष्टीकरण बहुधा दिले जाते. ते खरे आहे, पण अपुरे आहे. हिशेब मांडून पाहा: दहा किलो ओल्या मेपलमध्ये सहा किलो लाकूड आणि चार किलो पाणी असेल, तर त्या सहा किलोंमधून सुमारे 114 मेगाज्यूल उष्णता निघते, आणि चार किलो पाणी तापवून त्याची वाफ करायला साडेदहा मेगाज्यूल पुरतात. नुकसान दहाव्या हिश्शाच्या आसपास झाले. एवढ्यावरच भागत असते तर ओल्या लाकडाची इतकी भीती बाळगण्याचे कारण नव्हते.

खरे नुकसान वेगळ्या वाटेने होते. लाकूड तापले की त्याच्या कोरड्या वजनाचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग वायूंच्या रूपाने बाहेर पडतो आणि मागे उरतो तो कोळसा. आपण ज्याला ज्वाळा म्हणतो ती या वायूंची असते, आणि लाकडातली निम्म्याहून अधिक उष्णता त्यांच्यातच असते. हे वायू नीट जळायला सुमारे 600 अंश सेल्सियस तापमान लागते. पाण्याची वाफ सतत निघत राहिली की शेगडीच्या पोटातले तापमान तिथवर चढतच नाही. लाकूड धुमसते, काच काळवंडते, आणि ज्यांच्यासाठी आपण पैसे मोजले ते वायू न जळताच धुराड्यातून वर जातात. वर जाताना धुराड्याची भिंत साधारण 120 अंशांपेक्षा थंड असेल, तर ते तिच्यावर दव धरावे तसे साचतात आणि काळा, चिकट, पुढे काचेसारखा कडक होणारा क्रिओसोटचा थर तयार होतो. हा थर ज्वलनशील असतो. एखाद्या दिवशी कोरडे लाकूड भरभरून पेटवले, ज्वाळा वर पोहोचली आणि या थराने पेट घेतला, की धुराड्यातले तापमान हजार अंशांपलीकडे जाते. विटांच्या धुराड्याला तडे जातात आणि आग भिंतीतल्या लाकडी सांगाड्यापर्यंत पोहोचू शकते. ओल्या लाकडाने बचत होत नाही एवढेच नव्हे, तर ते घरादाराच्या जिवावर उठू शकते, हे मी प्रत्येक नवख्या माणसाला कळकळीने सांगते.

म्हणूनच इथले जाणते लोक हिवाळ्याची तयारी मागच्या हिवाळ्याच्या शेवटी करतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये झाड पाडायचे, ओंडके 16 इंचांवर कापायचे आणि लगेच फोडायचे. झाडातले पाणी उभ्या नलिकांमधून वाहत असते, त्यामुळे ते कापलेल्या टोकांतून वेगाने आणि सालीतून अगदी सावकाश बाहेर पडते. ओंडका जितका आखूड आणि जितका फोडलेला, तितका तो लवकर सुकतो. थंडीत गोठलेले लाकूड सहसा अधिक सहज फुटते, हा निसर्गाने दिलेला एक फायदा. थप्पी जमिनीला न टेकवता लाकडी पट्ट्यांवर रचावी, ती शक्यतो एकेरी असावी, वारा आणि दुपारचे ऊन तिच्या रुंद बाजूला मिळावे, आणि झाकण फक्त वरून घालावे. चारही बाजूंनी ताडपत्री गुंडाळली की आत ओल कोंडते आणि बुरशी धरते. आमच्या शेजारचे वयोवृद्ध शेतकरी पुढच्या दोन हिवाळ्यांचे लाकूड कायम रचून ठेवतात, आणि कोणत्या ओळीत कोणत्या वर्षी तोडलेले लाकूड आहे ते खडूने टोकांवर लिहितात. त्यांच्या शेगडीची काच मी कधी काळी पडलेली पाहिली नाही.

विकणाऱ्याने 'सुकलेले' म्हणून सांगितलेले लाकूड सुकलेलेच असेल असे नाही. वसंतात तोडून ओंडक्यांच्या ढिगात ठेवलेले आणि सप्टेंबरमध्ये फोडलेले लाकूड तोडून सहा महिने झालेले असते, पण सुकायला सुरुवात झालेली असते ती सप्टेंबरपासून. म्हणून कधी तोडले हे विचारू नये, कधी फोडले हे विचारावे. ओलावा मोजण्याचे छोटे यंत्र स्वस्तात मिळते. ते वापरताना फोडीचे पुन्हा दोन भाग करावेत आणि आतल्या ताज्या बाजूवर, मध्यभागी, दोन्ही टोके रुतवावीत. बाहेरची बाजू नेहमीच कोरडी दिसते. गोठलेल्या लाकडावर यंत्राचा आकडा विश्वासार्ह नसतो, त्यामुळे फोड आधी घरात आणून खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी. यंत्र नसेल तर दोन फोडी एकमेकींवर आपटाव्यात: सुक्या लाकडाचा आवाज खणखणीत येतो, ओल्याचा बद्द.

इतके समजल्यावर आता झाडांकडे वळता येते.

शुगर मेपल हे व्हरमाँटचे राज्यवृक्ष आहे आणि जळणाच्या बाबतीतही ते इथल्या लोकांचा मानदंड आहे. ते जड आहे, एकसारखे जळते, आणि त्याचे निखारे रात्रभर टिकतात. बीच त्याच्या बरोबरीचे. गुळगुळीत करड्या सालीचे हे झाड हिवाळ्यातही आपली फिकट तपकिरी पाने धरून ठेवते, त्यामुळे बर्फाळ जंगलात ते दुरून ओळखू येते. दुर्दैवाने सालीच्या रोगाने इथली बीचची झाडे कित्येक दशकांपासून पोखरली जात आहेत, आणि आमच्याकडे येणारे बीच बहुधा अशाच आजारी झाडांचे असते. हॉर्नबीम या दोघांहूनही जड. त्याचे खोड फारसे जाड होत नाही, कुऱ्हाडीला ते कडवा विरोध करते, पण कडाक्याच्या रात्री दोन-तीन फोडी शेगडीत ठेवल्या की सकाळी नुसत्या निखाऱ्यांवर नवे लाकूड पेटते. उणे 20 अंशांखालच्या रात्रींसाठी आम्ही ते वेगळे राखून ठेवतो.

रेड ओक उष्णतेत मेपलच्या तोडीचे आहे, पण त्याला सुकायला दोन उन्हाळे लागतात, आणि ही अट मोडता येत नाही. एका उन्हाळ्यानंतर ते वरून करडे व भेगाळलेले दिसते, आत मात्र ओलेच असते. ज्यांच्याकडे जागा आणि सबूर आहे त्यांनी ते अवश्य घ्यावे. ज्यांना यंदाच्या हिवाळ्यासाठी लाकूड हवे आहे त्यांनी घेऊ नये.

पांढरा बर्च सर्वांना आवडतो, कारण तो देखणा आहे. त्याची उष्णता मध्यम, कॉर्डमागे सुमारे 2 कोटी बीटीयू, आणि तो लवकर जळून जातो. त्याची खरी किंमत सालीत आहे. कागदासारखे सुटणारे तिचे पापुद्रे तेलकट असतात आणि ओलसर असतानाही पेट घेतात, त्यामुळे पेटवणासाठी त्यांच्यासारखे दुसरे काही नाही. परंतु हीच साल पाण्याला बाहेर जाऊ देत नाही. बर्चचा ओंडका न फोडता ठेवला तर साल वर्षानुवर्षे शाबूत दिसते आणि आतले लाकूड कुजून भुसभुशीत होते. उभ्या झाडाची साल मात्र सोलू नये. त्याने झाडाला कायमची इजा होते.

अ‍ॅशविषयी मला थोडे अधिक लिहायचे आहे. जळणासाठी याहून सोयीचे झाड मी पाहिलेले नाही. उष्णता मेपलच्या जवळपास, धागा इतका सरळ की एका घावात दोन फळ्या व्हाव्यात, आणि उभ्या झाडातच पाणी कमी, साधारण 30 ते 35 टक्के. त्यामुळे वसंतात फोडलेले अ‍ॅश त्याच वर्षीच्या हिवाळ्याला तयार होते. लाकूड कमी पडलेल्या घराला अडीअडचणीत हेच झाड सांभाळून घेते. इथल्या मूळ अबेनाकी लोकांची टोपल्या विणण्याची कला काळ्या अ‍ॅशवर उभी आहे: ओंडका ठोकून ठोकून त्याच्या वार्षिक वलयांचे पदर सोडवायचे आणि त्या पट्ट्या विणायच्या. आणि हे झाड आता जात आहे. 2002 मध्ये मिशिगन राज्यात डेट्रॉइटजवळ पाचूसारख्या हिरव्या रंगाचा एक आशियाई भुंगा सापडला. त्याच्या अळ्या सालीखाली नागमोडी बोगदे कोरतात, अन्नपाणी वाहणारा थर तुटतो, आणि काही वर्षांत झाड उभ्याउभ्या मरते. 2018 मध्ये तो व्हरमाँटमध्ये सापडला. तेव्हापासून आमच्या रस्त्याकडेच्या अ‍ॅशच्या झाडांवर फिकट, सोललेले पट्टे दिसू लागले आहेत. सुतारपक्षी अळ्यांसाठी साल टोचतात त्याच्या त्या खुणा. कोट्यवधी झाडे या किड्याने आजवर मारली आहेत, आणि ज्या टेकड्यांवर मी दर शरद ऋतूत त्यांची पिवळी-जांभळी पाने पाहत आले, तिथे ती पुढे दिसतील की नाही या विचाराने मला मनापासून दुःख होते.

या किड्याचा लांबचा प्रवास बव्हंशी माणसाने केलेल्या सरपणाच्या वाहतुकीतून झाला आहे. भुंगा स्वतः फार दूर उडत नाही. शिबिराला निघालेल्या कुटुंबाच्या गाडीतल्या चार फोडींमधून मात्र तो एका दिवसात राज्य ओलांडतो. म्हणून व्हरमाँटमध्ये बाहेरून प्रक्रिया न केलेले सरपण आणण्यास 2016 पासून मनाई आहे. भट्टीत ठरावीक तापमानाला ठरावीक वेळ तापवून प्रमाणित केलेले लाकूडच आणता येते. न्यू जर्सी किंवा मॅसॅच्युसेट्समधून इकडे सुट्टीला येणाऱ्या मराठी मंडळींना माझी विनंती आहे की येताना शेकोटीसाठी घरचे लाकूड आणू नका. जिथे जाळायचे तिथेच विकत घ्या.

शेवटी पाइन. कठीण लाकडाचे अभिमानी लोक पाइनला शेगडीजवळही येऊ देत नाहीत, कारण त्याच्या राळेमुळे धुराड्यात क्रिओसोट साचते असा समज घट्ट रुजला आहे. मला तो पटत नाही. क्रिओसोट अर्धवट जळलेल्या धुरातून येते, आणि सुके पाइन मोठ्या ज्वाळेने, भरपूर उष्णतेत जळते. फिनलंड, स्वीडन आणि अलास्काच्या अंतर्भागात पिढ्यान्‌पिढ्या पाइन, स्प्रूस आणि बर्च यांवरच घरे तापत आली आहेत. इथेही मार्च महिन्यात मेपलचा रस आटवण्याच्या झोपड्यांमध्ये लाकडावर चालणाऱ्या कढयांखाली मुद्दाम पाइन-हेमलॉकच्या चिरफळ्या घालतात, कारण साधारण 40 गॅलन रसापासून एक गॅलन पाक करायचा असेल तर कढईच्या लांबीभर धावणारी उंच ज्वाळा लागते. पाइनचा खरा दोष एवढाच की ते लवकर संपते आणि मागे निखारे ठेवत नाही. ऑक्टोबरमध्ये आणि एप्रिलमध्ये, जेव्हा सकाळी तासाभराची ऊब हवी असते आणि दुपारी खिडक्या उघडाव्या लागतात, तेव्हा हाच दोष गुण ठरतो. त्या दिवसांत मेपल जाळले तर घर नको इतके तापते, आणि ते टाळायला हवा कमी केली तर शेगडी धुमसू लागते. आम्ही दरवर्षी थोडे पाइन हौसेने ठेवतो.

त्यामुळे आमच्याकडे थप्प्या जातींप्रमाणे वेगळ्या असतात आणि दिवसाच्या वेळेप्रमाणे लाकूड बदलते. सकाळी निखाऱ्यांवर पाइन किंवा बर्चच्या बारीक फोडी, त्या भडकल्या की अ‍ॅश, आणि झोपण्याआधी मेपल, बीच किंवा हॉर्नबीमच्या जाड फोडी. शेगडी पूर्ण थंड असेल तेव्हा आम्ही जाड फोडी तळाशी, त्यांवर मध्यम, आणि अगदी वर काटक्या व बर्चची साल ठेवून वरूनच पेटवतो. आग हळूहळू खाली उतरते, आणि खालच्या लाकडातून निघणारे वायू वरच्या ज्वाळेतून जाताना जळून जातात, त्यामुळे धूर अगदी थोडा होतो. रात्री शेगडी गच्च भरून हवेची झडप लगेच बंद करायची, म्हणजे लाकूड पहाटेपर्यंत पुरते, ही जुनी सवय मात्र घातक आहे. आधी पंधरा-वीस मिनिटे ज्वाळा पुरती चढू द्यावी, लाकडाच्या कडा कोळसल्या की झडप टप्प्याटप्प्याने कमी करावी, आणि ज्वाळा पूर्ण मालवणार नाही एवढी हवा कायम ठेवावी. लाकूड रात्रभर पुरवायचे असेल तर त्यासाठी जड लाकूड निवडावे, हवा कोंडू नये.

शेगडीचाही यात मोठा वाटा आहे. अमेरिकेत मे 2020 पासून विकल्या जाणाऱ्या नव्या शेगडीतून तासाला 2 ग्रॅमपेक्षा (नेहमीच्या सरपणावर तपासलेली असेल तर 2.5 ग्रॅमपेक्षा) जास्त धूळकण निघता कामा नयेत, असा पर्यावरण खात्याचा दंडक आहे, सत्तरच्या दशकातल्या शेगड्या याच्या कित्येक पट धूर सोडत. तरीही लाकडाचा धूर निरुपद्रवी आहे असे मी म्हणणार नाही. वारा पडलेल्या थंड रात्री दरीतल्या गावात थंड हवा साचते, तिच्यावर उबदार हवेचे झाकण बसते, धूर तिथेच कोंडतो, आणि दम्याच्या रुग्णांना, लहान मुलांना त्याचा त्रास होतो. आपल्या धुराड्यातून दिसेल असा धूर सतत निघत असेल, तर आपण शेजाऱ्याच्या फुफ्फुसांवर भार टाकत आहोत, ही जाणीव लाकूड जाळणाऱ्या प्रत्येकाला असली पाहिजे. रंगवलेले किंवा रसायनात मुरवलेले लाकूड, प्लायवूड, चकचकीत कागद यांतले काहीही शेगडीत जाता कामा नये. वर्षातून एकदा तरी धुराडे झाडून घ्यावे, आणि झोपण्याच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र चालू स्थितीत असावे. या विषारी वायूला वास नसतो.

राखेचीही व्यवस्था करावी लागते. ती झाकणाच्या धातूच्या बादलीत, घराबाहेर, लाकडी ओट्यापासून दूर ठेवावी, कारण राखेत दडलेला निखारा कित्येक दिवस जिवंत राहू शकतो. पूर्ण निवलेली राख बागेत आम्लधर्मी मातीला उपयोगी पडते. ब्लूबेरीच्या झुडपांना मात्र ती घालू नये. एके काळी याच राखेला मोठा भाव होता: जंगल तोडून शेते करणारे वसाहतकार राखेपासून पोटॅश बनवून विकत, आणि अमेरिकेने 1790 मध्ये दिलेले पहिलेवहिले पेटंट सॅम्युएल हॉपकिन्स यांच्या पोटॅश बनवण्याच्या सुधारित पद्धतीलाच होते.

इथल्या अनेक गावांत 'वूड बँक' नावाची एक व्यवस्था आहे, आणि तिच्याविषयी मराठी वाचकांना सांगावेसे वाटते. ज्या घराचे सरपण जानेवारीतच संपले आणि विकत घ्यायला पैसे नाहीत, त्या घराला गावातले स्वयंसेवक लाकूड पोहोचवतात. बहुतेक ठिकाणी फारशी चौकशी न करता. लाकूड दान येते, रस्त्याकडेची धोकादायक म्हणून पाडलेली झाडे येतात, आणि शनिवारी लोक जमून ते कापतात, फोडतात, रचतात. या कामातली मुख्य अडचण तीच, जिच्याविषयी मी वर इतके लिहिले: दान येणारे लाकूड बहुधा ओले असते, आणि थंडीने काकडणाऱ्या घराला पुढच्या वर्षी सुकणारे लाकूड देऊन उपयोग नसतो. म्हणून आमच्या गावच्या बँकेत आता जातीप्रमाणे वर्गवारी करण्याचे ठरले आहे. वसंतात येणारे अ‍ॅश लगेच फोडून दर्शनी थप्पीत लागते, कारण ते नोव्हेंबरला देता येईल; मेपल आणि बीच अधिक बारीक फोडले जातात, म्हणजे एका उन्हाळ्यात त्यांचा ओलावा पुरेसा उतरेल; आणि ओकची रास मागच्या कुंपणालगत, फळीवर पुढच्याच्या पुढच्या वर्षाचा आकडा लिहून, वेगळी लागते. पाइन घ्यावे की नाही यावर बराच वाद झाला. ते आता पेटवणाच्या बारीक चिरफळ्या करून, दोरीने मोळ्या बांधून, प्रत्येक खेपेसोबत दिले जाते.